बेस मॉडेलचा माणूस

आमच्या ताथवड्यात कोणाच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आली, की सोसायटीतली माणसं तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, रंगाची तारीफ करतात, पेढा तोंडात टाकतात आणि तो अर्धा गिळून झाला की विचारतात, "टॉप मॉडेल का?"

हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा विचारला त्याला शोधून काढावं आणि संध्याकाळी साडेसहा वाजता ताथवड्याच्या भुयारी मार्गात उभं करावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. टॉप मॉडेलमध्ये बसवूनच उभं करावं, सनरूफ उघडं ठेवून. पुढे पाण्याचा टँकर, मागे आयटी कंपनीची बस आणि वरून हायवेची धूळ! मग पाऊण तासानं खिडकीवर टिचकी मारून विचारावं, "काय साहेब, टॉप मॉडेल का?"

वाचक म्हणतील, एवढं चिडायला काय झालं? लोक पूर्वीही चौकशा करीतच होते. करीत होते ना! पण त्या चौकशांना काही धरबंध होता. माझ्या तरुणपणी चारचाकी म्हणजे फियाट नाही तर अँबॅसडर, आणि आमच्यासारख्यांसाठी आकुर्डीची स्कूटर. स्कूटर बुक करायची आणि विसरून जायचं. मध्ये लग्न व्हायचं, मुलगा व्हायचा, मुलगा शाळेत जायला लागायचा, आणि एक दिवस कार्ड यायचं. तेव्हा लोक विचारीत, "नंबर लागला का?" या प्रश्नात केवढी समता होती बघा! नंबर लागला की साहेबाला मिळायची तीच स्कूटर फिटरला. तिला खालचं-वरचं नव्हतं. रंगसुद्धा बऱ्याचदा कंपनीच ठरवी आणि आपण घरी येऊन सांगायचं, "मला हाच हवा होता."

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पुढे तिच्यात साधी आणि ए.सी.वाली असे दोन तट पडले. फूट पडली ती इथून. मग इंग्रजी अक्षरांचा पाऊस सुरू झाला. एल म्हणजे गरीब, व्ही म्हणजे खाऊनपिऊन सुखी, झेड म्हणजे बंगला. गाडीच्या ढुंगणावर अक्षरं लावून मालकाची ऐपत मागून येणाऱ्याला वाचून दाखवायची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. माणसाच्या पाठीवर पगाराची पावती चिकटवून त्याला लक्ष्मी रोडला हिंडवण्यातला हा प्रकार.

आता माझी लायकी सांगतो, म्हणजे मी बोलतोय ते हवेत नाही हे कळेल. मी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये ३४ वर्षं काढली. शेवटची १५ वर्षं इन्स्पेक्शनला. मोठमोठ्या गाडी कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट आम्ही दाबून देत होतो. हातात गेज घेऊन एकेक ब्रॅकेट तपासायचा; बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. या ३४ वर्षांत एकाही ब्रॅकेटनं मला विचारलं नाही, की साहेब, मी बेस मॉडेलला जाणार की टॉपला? एकच पत्रा, एकच डाय, एकच माप. ज्या पेटीतला ब्रॅकेट टॉप मॉडेलच्या पोटात गेला, त्याच पेटीतला त्याचा सख्खा भाऊ बेसच्या पोटात गेला. बाहेर शोरूममध्ये मात्र एकाला फुलांचा हार आणि दुसऱ्याला "सर, हे बेसिक आहे हां" असा बारीक आवाज.

तर आमच्या घरी हा विषय २०२४ च्या दिवाळीत पेटला. चिरंजीव हिंजवडीला कामाला आहेत. म्हणजे रोज सकाळी ते हिंजवडीला निघतात आणि दुपारपर्यंत पोचतात. त्यांना म्हणे ‘परफॉर्मन्स सेडान’ हवी होती.

मी विचारलं, "परफॉर्मन्स म्हणजे काय रे?"

"बाबा, शून्य ते शंभर."

"किती दिवसांत?"

पोरगं चिडलं. आमच्या घरी विनोदाला मान नाही.

त्यांचं मन बसलं होतं फोक्सवॅगनच्या व्हर्टसवर. ही गाडी जून २०२२ मध्ये आली आणि ती जन्मते चाकणला. तो कारखाना २००९ साली सुरू झाला, तेव्हा आमच्या प्रेस शॉपमधली निम्मी तरणी पोरं तिकडे अर्ज टाकून बसली होती. म्हणजे ही कोणी सातासमुद्रापलीकडची मड्डम नव्हे. आमच्याच पट्ट्यातली पोर. इथून जहाजात बसून मेक्सिकोलाही गेली, एवढी कर्तबगार! गाडीबद्दल माझी तक्रार नाही. साडेचार मीटरांहून थोडी लांब, डिकीत ५२१ लिटर जागा. चिरंजीवांना त्याचं कौतुक वाटलं. मी हिशेब केला, गव्हाची किती पोती. ग्लोबल एनकॅपच्या आपटाआपटीत २०२३ साली पाच तारेसुद्धा मिळवले.

तिला इंजिनं दोन. धाकटं १ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं. थोरलं १.५ लिटरचं, चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं. थोरल्याची एक खोड मला फार आवडली. गाडी निवांत चालली असली की त्याची चारातली दोन सिलिंडरं काम बंद करतात आणि उरलेली दोन गाडी ओढतात. जोर लागला की चौघंही जुंपतात. चिरंजीव म्हणाले, हे फार प्रगत तंत्र आहे. मी म्हटलं, आमच्याकडे तिसऱ्या पाळीला हे तंत्र १९८५ पासून चालू होतं. फरक एवढाच, की आमची दोन सिलिंडरं जोर लागला तरी उठत नसत.

खरी गंमत पुढे आहे. या गाडीचं आल्याबरोबर चातुर्वर्ण्य ठरलं. कम्फर्टलाइन, हायलाइन, टॉपलाइन आणि या तिघींपासून वेगळी चूल मांडून बसलेली जीटी प्लस. थोरलं इंजिन फक्त या जीटीच्या चुलीवर शिजत होतं. आता माझ्यासारखा माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, बाबा रे, मला इंजिन थोरलं दे आणि बाकी सगळं साधं दे. सीटला कापड चालेल. छताला भोक नको. आमच्याकडे पावसाळा असतो. गारेगार हवा सोडणारी सीट नको. आम्हाला बूड थंड ठेवायची सवय नाही. पण कम्फर्टलाइनमध्ये थोरलं इंजिन? छे! म्हणजे पंगतीत वरण-भात वाढणार, पण तूप हवं असेल तर आधी जिलबी घ्या, मठ्ठा घ्या, विडा घ्या, शिवाय यजमानांच्या सुनेचं गाणंही ऐका.

तरी इथवर मी गप्प होतो. म्हटलं, व्यापार आहे, चालायचंच. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी जीटी लाइन काढली आणि चिरंजीव मोबाइल नाचवत घरात आले. "बाबा, जीटी! आणि बजेटात!"

मी चष्मा लावून पाहिलं. पुढची जाळी काळी, दिवे काळवंडलेले, बाहेरची चकाकी सगळी काळी करून टाकलेली. अंगावर जीटीची खूण. आणि इंजिन? तेच! धाकटं! १ लिटरचं! जी दोन अक्षरं आल्या दिवसापासून थोरल्या इंजिनाची म्हणून मिरवली, ती आता धाकट्याच्या गळ्यात. एखादं पोरगं तालमीच्या दारात कधी उभं राहिलं नाही, आखाड्याची माती ज्याच्या कानाला लागली नाही, त्यानं फेटा बांधून, दंडात गंडा बांधून गावातून छाती काढून हिंडावं, आणि लोकांनी विचारलं, "काय वस्ताद, कुठल्या तालमीचे?" तर म्हणावं, "तालमीचा नाही, तालमीच्या लाइनचा."

"आणि मोठ्या इंजिनाची हवी असेल तर?" मी विचारलं.

"तिची आता जीटी प्लस स्पोर्टसुद्धा आलीय."

स्पोर्ट! मी म्हटलं, थांब, मला तुझ्या त्या थोरल्या जीटीचं चाक दाखव. पुढच्या चाकात ब्रेकच्या कॅलिपरला लालभडक रंग. बरं. आता मागचं दाखव. मागे काय होतं सांगू? ड्रम! २०२२ पासून पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढे गुलाल आणि मागे ढोल, म्हणजे विसर्जनाची मिरवणूकच.

चिरंजीव इंजिनिअर आहेत. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, ब्रेक दाबल्यावर सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. मागे ड्रम पुरतो."

हे मला सांगतो! अरे, मला ते ठाऊक आहे, म्हणूनच तर माझं डोकं फिरतं. ड्रम पुरतो हे खरं आहे, तर मग पुढे तो लाल रंग कशासाठी? रंगानं गाडी एक वीत तरी अलीकडे थांबते का? रंगाच्या डब्याला काय पडतं ते मला माहीत आहे. आम्ही मशीनच्या गार्डला दरवर्षी खंडेनवमीच्या आधी पिवळा मारत होतो. त्यासाठी कामगारांकडून कोणी लाखभर रुपये जास्त मागितले नव्हते.

वाद चालू असतानाच डिसेंबरात माझा भाचा मेलबर्नहून आला. तो तिकडे १२ वर्षं आहे आणि मराठी अजून शाबूत आहे. फक्त चहाला ‘कपा’ म्हणतो. गाड्यांचा विषय निघाला तसा तो सरसावला. म्हणाला, "मामा, परफॉर्मन्स सेडान काय असते ते आमच्याकडे येऊन बघा. होल्डन कमोडोर!" आणि त्यानं फोनमध्ये आपल्या गाडीचा फोटो दाखवला. लाल, रुंद, खाली बसलेली, मागे पंख. आमच्या चिरंजीवांनी तो फोटो देवासारखा दोन्ही हातांत घेतला.

मी विचारलं, "तुमच्याकडेही पायऱ्या आहेत का?"

होत्या तर! ही गाडी २०१३ मध्ये नव्या रूपात आली तेव्हा तळाला इव्होक, मग एसव्ही ६, मग एसएस, एसएस-व्ही आणि सगळ्यांत वर एसएस-व्ही रेडलाइन. म्हणजे अक्षरांचा आजार तिकडेही आहेच. पण भाचा पुढे जे बोलला त्यानं मी पाटावरून अर्धा उठलो. एसएसपासून पुढे सगळ्यांना व्ही ८ इंजिन तेच! २०१५ पासून ६.२ लिटरचं, ३०४ किलोवॉटचं, म्हणजे आपल्या भाषेत चारशेवर अश्वशक्ती. सगळ्यांत साधा एसएस घेणाऱ्यालाही तेच आणि रेडलाइनवाल्यालाही तेच. मग रेडलाइनवाल्यानं जादा पैसे कशाचे मोजले? तर ब्रेम्बोचे ब्रेक, वेगळं सस्पेन्शन, असल्या गोष्टींचे. ब्रेम्बो! अहो, त्यांचा कारखाना आपल्या चाकणला आहे!

मी चिरंजीवांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "बघ, याला म्हणतात पायरी. पाय ठेवला की वर गेल्यासारखं तरी वाटतं. नुसती रांगोळी काढून पायरी म्हणत नाहीत."

इथे आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "तुझी कुठली रे?"

भाचा चहा ढवळायला लागला. साखर केव्हाच विरघळली होती.

"माझी... एसव्ही ६."

"म्हणजे व्ही ८ नाही?"

"व्ही ६ आहे, मामी. पण ३.६ लिटर. २१० किलोवॉट. बाहेरून सेम एसएससारखीच दिसते."

बाहेरून सेम! म्हणजे मेलबर्नलाही ‘लाइन’ आहेच. मी बिचाऱ्याला आणखी टोचलं नाही. पाहुणा होता, शिवाय त्यानं माझ्यासाठी मफलर आणला होता. आणि २१० किलोवॉटला हसण्याइतकी आमच्या कोणाचीही गाडी नव्हती.

त्या कमोडोरचं पुढे काय झालं तेही त्यानंच सांगितलं. ॲडलेडजवळच्या एलिझाबेथचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. शेवटची गाडी बाहेर पडली ती लाल रेडलाइन. होल्डनची मालकीण जनरल मोटर्स. तीच आपल्या तळेगावची. त्याच वर्षी तिनं भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची लाइनही थांबली. मी दोन्हीकडच्या कामगारांचा विचार करीत बसलो. ज्यानं रेडलाइनचं दार बसवलं त्याचं कार्ड आणि ज्यानं इव्होकचं बसवलं त्याचं कार्ड एकाच दिवशी पंच व्हायचं बंद झालं असणार. तिथे कोणी टॉप मॉडेल नव्हतं. असो, हा विषय मोठा आहे आणि माझा रक्तदाब लहान नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी आबांकडे गेलो. आबा ताथवड्याचे मूळचे रहिवासी. आम्ही २००४ मध्ये इथे आलो तेव्हा त्यांच्याच चाळीत राहत होतो. तेव्हा ताथवडे ग्रामपंचायतीत होतं. २००९ मध्ये महानगरपालिकेत आलं आणि तेव्हापासून आमच्याकडे पाणी सोडून बाकी सगळं येतं. आबांच्या शेतावर आता २२ मजली मनोरा आहे. मोबदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटमध्ये त्यांची मुलं राहतात आणि आबा खालच्या उरलेल्या पाच गुंठ्यांत शर्यतीच्या दोन बैलांबरोबर राहतात. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तरी त्यांनी बैल विकले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी झाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्का मारला, आणि आबा पुन्हा घाटात जायला लागले. परफॉर्मन्स या विषयावर ताथवड्यात त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही.

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. जीटी, जीटी लाइन, लाल रंग, काळी जाळी. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी शिंगाला रंग दिल्याला."

"बरोबर!"

"त्यो पोळ्याला द्यायचा आसतोय. घाटात कोन शिंगं बघतंय? घाटात घड्याळ बघत्यात. बारी किती सेकंदात बसली, त्येवढंच."

मग त्यांनी आमच्या ताथवड्याच्या सरकारी वळू माता प्रक्षेत्राकडे हनुवटीनं खूण केली. "थितं वळू कसा निवडत्यात ठावं हाय का? त्येच्या आयनं दूध किती दिलं, त्ये आधी बघत्यात. झूल न्हाय बघत."

भाचा खाली पाहून हसला. मला वाटतं त्याला एसव्ही ६ ची झूल आठवली असावी.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हा म्हातारा इंजिनांवर आणि रंगावरच घसरलाय. हौसेला मोल नसतं, पैसे ज्याचे त्याचे. मान्य. लाल रंग घ्या, काळी जाळी घ्या, छताला चार भोकं पाडा. माझं भांडण तेवढ्यापुरतं असतं तर मी दोन पेढे खाऊन घरी गेलो असतो. पण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी इतका वेळ टाळतोय, कारण तिच्यात माझीच शोभा आहे.

२०११ मध्ये मी पहिली गाडी घेतली. छोटी हॅचबॅक, कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचीच रीत ती होती. तीन पायऱ्या. मधलीत टेप होता, सगळी दारं एका किल्लीनं बंद होत, बंपर गाडीच्याच रंगाचा. वरचीत ॲलॉय व्हील, एबीएस ब्रेक आणि पुढे दोन एअरबॅगा. फरक साठएक हजारांचा. आमची ही म्हणाली, "एवढं सगळं आहे तर वरची घेऊ या की." आणि मी, भोसरीचा इन्स्पेक्टर, हातात गेज घेऊन ज्याचं आयुष्य गेलं तो मी, त्या शोरूममध्ये चारचौघांत म्हणालो, "अगं, एअरबॅग काय रोज उघडतात? गाणी रोज लागतात." सगळे हसले. मीही हसलो. मधली घेतली.

२०१३ च्या नोव्हेंबरात पुनावळ्याजवळ पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. माझा वेग पन्नासच्या आत होता. ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी घसरत जाऊन आदळली. मला स्टिअरिंगचा मुका मार. हिनं पट्टा लावला होता, पण पुढे वाकून ती कुठल्याशा मंगल कार्यालयाचा बोर्ड वाचत होती. वरचे पुढचे दोन दात डॅशबोर्डपाशी राहिले. टेप चालू होता. चालूच राहिला. तो बंद कसा करायचा हे मला दोन मिनिटं आठवेना.

दातांच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "गाडीला एअरबॅग नव्हती का हो?" मी म्हटलं, "टॉप मॉडेलला होती."

या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला त्या खुर्चीशेजारी उभं राहिल्यावर कळलं. बायकोचे दात ही वरच्या पायरीवरची चैन आहे, ॲलॉय व्हीलच्या आणि फॉग लॅम्पच्या जोडीला. ज्याला दात हवेत त्यानं आधी ॲलॉय व्हील घ्यावं. आणि ही अशी पायरी कंपनीनं घातली, सरकारनं चालू दिली, पण तिच्यावरून खाली उतरायचं माझं मीच ठरवलं होतं, गाण्यासाठी.

कायद्यानं यायचं ते सावकाशीनं आलं. एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. चालवणाऱ्यासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. आणि शेजारच्या सीटची सगळ्या नव्या गाड्यांना लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर संपावा लागला. हे मी हिला पेपरातून वाचून दाखवलं तेव्हा तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे आधी नवऱ्याची सोय. बायकोची अडीच वर्षांनी." पुढे सहा एअरबॅगांची सक्ती होणार, असा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मग ती तारीख वर्षभर पुढे गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की सक्ती नको, स्पर्धेनं आपोआप होईल. व्हर्टस आली तेव्हा तिच्याही तळाच्या पायरीला दोनच एअरबॅगा होत्या. सहा हव्या तर वर चढा. २०२४ मध्ये सगळ्या पायऱ्यांना सहा मिळाल्या. म्हणजे देता येत होत्या! पत्रा तोच, डॅशबोर्ड तोच, माणसाच्या बरगड्याही त्याच. मग दोन वर्षं खालच्या पायरीवरच्या माणसाच्या बरगड्या काय वेगळ्या मापाच्या होत्या? मी असा माल पास केला नसता. लाल पेटीत टाकला असता.

म्हणून मी म्हणतो, अक्षरं लावा, रंग लावा, सीटखाली बर्फ ठेवा, पण इंजिन, ब्रेक आणि एअरबॅग ही पंगत सगळ्यांना एकदम वाढा. तिथे वाढप्यानं पान बघू नये.

२०२५ च्या दसऱ्याच्या आधी आम्ही तिघं शोरूमला गेलो. समोर आलेला पोरगा मोठा गोड होता. आमच्याच पट्ट्यातला, टाय लावलेला. त्यानं चिरंजीवांना जीटी लाइनपाशी नेलं. मी हळूच विचारलं, "बाळा, मोठं इंजिन आणि कम्फर्टलाइन असं जमेल का?" तो इतक्या करुणेनं हसला, की मला आमचे दातांचे डॉक्टर आठवले. "सर, तसं कॉम्बिनेशन नाही."

ही मात्र कुठल्याच गाडीकडे पाहत नव्हती. तिनं त्याला विचारलं, "या काळ्या गाडीत एअरबॅगा किती?"

"सहा, मॅडम."

"आणि त्या साध्या पांढरीत?"

"सहाच, मॅडम."

"इंजिन?"

"दोन्हींत एकच, मॅडम. एक लिटर."

"दोन्हींच्या किमती लिहून द्या."

त्यानं कागदावर लिहून दिल्या. फरक लाखांत होता. हिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चिरंजीवांकडे फक्त पाहिलं. कम्फर्टलाइन आली. दसऱ्याला, झेंडूचा हार घालून, पांढरी.

चिरंजीव आठ दिवस आमच्याशी बेतानंच बोलत होते. नवव्या दिवशी संध्याकाळी खाली गेलो तर गाडीच्या पाठीवर काहीतरी लाल चमकताना दिसलं. जवळ जाऊन चष्मा पुसून वाचलं. जीटी. कुठल्याशा दुकानातून दोनशे रुपयांना बिल्ला आणून पोरानं स्वतःच चिकटवला होता, तोही थोडा तिरपा. माझा संताप मस्तकात गेला. मी नखानं तो उचकटायला बसलो. मग मनात आलं, कंपनीनं लाखांत जे केलं तेच यानं दोनशे रुपयांत केलंय. पोरगं हिशेबाला आईवर गेलंय. बिल्ला तसाच ठेवला, फक्त सरळ केला.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी प्रदक्षिणा घातली, रंगाची तारीफ केली, मागे येऊन वाकून बिल्ला वाचला. "अरे वा! जीटी! म्हणजे टॉप मॉडेल का?"

मी उत्तर देणार, तोच ही पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आली. तिनं प्रश्न ऐकला होता. सेक्रेटरींकडे पाहून ती छान हसली. वरचे दोन बसवलेले दात जरा जास्तच पांढरे आहेत, ते हसताना दिसतात.

"सहा आहेत," ती म्हणाली.

"काय सहा?" सेक्रेटरींनी विचारलं. पण ती तोवर डाव्या बाजूचं दार उघडून आत बसली होती आणि पट्टा लावत होती.